बाडाची चादर

कीर्तनाला उभे राहिल्यावर बुवा पहिल्यांदा समोरच्या मंडळींवर एक नजर फिरवतात. तशी आपण आधी कमलाकरराव वैरागकरांच्या कपाळावर एक नजर फिरवू. मधोमध बुक्का आणि त्याच्या वर तीन आठ्या. बुक्का देवळातला, आठ्या कचेरीतल्या. कमलाकरराव सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. जुनी दप्तरं सांभाळायची आणि कुणी कागद मागितला की तो काढून द्यायचा, असं त्यांचं काम. त्यातलं सांभाळण्याचं काम ते चोख करत. काढून देण्याच्या कामासाठी त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला होता : 'शोध घेतला, सापडत नाही.' एकवीस वर्षांत तो शिक्का जितक्या वेळा उमटला तितक्या वेळा त्यांनी रामनाम लिहिलं असतं, तर न्यायला वैकुंठाचं विमान आलं असतं.

माणूस मात्र लोण्यासारखा. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुठंही झांज वाजली की त्यांची मान डोलायला लागे. एकदा भांड्याच्या दुकानापुढे असेच पाच मिनिटं डोळे मिटून डोलत उभे होते आणि दुकानदारानं त्यांना घागर घ्यायची आहे असं समजून तीन घागरी वाजवून दाखवल्या.

अशा या माणसाला सरकारनं चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर पुण्याला तीन दिवसांच्या शिक्षणवर्गाला पाठवलं. जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे त्याचं खरं कारण. तिथं त्यांना एक यंत्र दाखवण्यात आलं. यंत्राच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या होत्या. आत गारवा होता, मंद घरघर चालू होती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कमलाकररावांचे हात आपोआप जुळले. वर्ग घेणारे साहेब म्हणाले, "ह्या पेटीत दहा हजार माणसांची माहिती आहे. कागद एकही नाही. सगळी ह्या कार्डांच्या भोकांत. हवं ते कार्ड सांगा, यंत्र काढून देईल." कुणीतरी नाव सांगितलं. यंत्रानं खडखड केलं आणि एक कार्ड पुढे टाकलं. एका मिनिटात! शोध घेतला आणि सापडलं! कमलाकररावांच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी साहेबांकडून एक रद्दी कार्ड प्रसादासारखं मागून घेतलं.

परतीच्या गाडीत ते कार्ड खिडकीकडे धरून भोकांतून बाहेरचं शिवार बघत असताना त्यांना आठवले ते कचेरीतले गठ्ठे नव्हेत. त्यांना आठवलं महिपतीबुवांचं बाड.

महिपतीबुवा मूळचे मंगळवेढ्याकडचे. पेठेतल्या राममंदिरात चाळीस वर्षं रामजन्माचं कीर्तन त्यांचं. बोलायला बसले तर शिवारातला माणूस, कीर्तनाला उभे राहिले तर शब्दाशब्दाला मोत्याचं पाणी. आणि त्यांचं बाड म्हणजे जाडजूड शिवलेली वही. आर्या, साक्या, दिंड्या, पदं, सगळं त्यांच्या हातचं. कीर्तनात ते बाड बाजूच्या पाटावर लाल फडक्यात असे. पण आता बुवांची पंच्याहत्तरी आली होती, आणि मागच्या रामनवमीला घोटाळा झाला होता. ऐन रामजन्मात बुवा वळण चुकले. कौसल्येच्या महालाला त्यांनी कुलूप लावलं, पहारेकऱ्यांना झोपवलं आणि नवजात प्रभू रामचंद्रांना टोपलीत घालून भर पावसात यमुनेपार नेलं. पाळण्याची दोरी धरलेल्या अर्ध्या बायका रामाचा पाळणा म्हणत होत्या, अर्ध्या कृष्णाचा. देवळाचे मुख्य पंच आबासाहेब, ज्वारीचे मोठे व्यापारी, त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. राम बाराला जन्मायचा, तो बारा वाजून वीस मिनिटं झाली तरी गोकुळाच्या वाटेवर होता.

"आणखी एक रामनवमी बघू," आबासाहेब म्हणाले होते, "न्हाईतर पुण्याचा एक तरुण बुवा नजरेत हाय. पेटीवाला, तबलजी संगटच आणतोय."

हे बुवांच्या कानावर गेलं होतं. पुण्याहून परत आल्यावर कमलाकरराव त्यांच्याकडे गेले, तेव्हा बुवा बाड मांडीवर घेऊन बसले होते. डोळ्यांना दिसत नव्हतंच, नुसते पानांवरून हात फिरवत होते.

"पाठ समदं हाय रे कमलाकर," ते म्हणाले, "फकस्त येळंला सापडत न्हाय."

'सापडत नाही' हे शब्द आजवर कमलाकररावांनी शिक्क्यानं उमटवले होते. कुणाच्या तोंडून ऐकताना ते इतके कधी लागले नव्हते. त्यांनी खिशातलं कार्ड काढलं आणि बाडावर ठेवलं.

"बुवा, बाड माझ्याकडे द्या. रामनवमीपर्यंत असं करून देतो, की हवं ते पद हवं तेव्हा हातात येईल. शब्द देतो."

बुवांनी कार्ड चाचपलं. "ह्ये उंदरानं खाल्लंय व्हय?"

"भोकं आहेत ती. त्यातच सगळं असतं."

"भोकात?" बुवांनी एका भोकात नख घालून पाहिलं. मग म्हणाले, "आसंल. बासरीत बी भोकंच असत्यात." आणि चाळीस वर्षांत पत्नीच्याही हाती न दिलेलं बाड त्यांनी कमलाकररावांच्या हाती दिलं.

झालं. श्रोतेहो, पूर्वरंग इथं संपला. आता पुढं जे झालं त्याला रंग कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा.

पद्धत कमलाकररावांनी चार दिवसांत बसवली. पहिल्यांदा फक्त रामकथा घ्यायची. तिचे प्रसंग नऊ : पहिला रामजन्म, नववा रावणवध. रस नऊ. प्रत्येक रसात पदं फार तर नऊ. म्हणजे कुठल्याही पदाला तीन आकडे पुरे. नऊ रसांवर मात्र बुवा अडले.

"बीभत्स काढ त्यातनं," ते म्हणाले, "माज्या रामायणात घाण न्हाय."

"बुवा, रस नऊच असतात. शास्त्र आहे."

"मग वात्सल्य कुटं घालशील? कौसल्येला काय वीररसात बसवतोस?"

शेवटी सातवा बीभत्स हाकलून त्याच्या जागी वात्सल्याला बसवण्यात आलं. करुण तिसराच राहिला. म्हणजे रामजन्मातलं वात्सल्याचं चौथं पद, तो बुवांचा प्रसिद्ध पाळणा, त्याचा क्रमांक झाला एक-सात-चार. हे आकडे लक्षात ठेवा. कमलाकररावांना पुढं ते झोपेतसुद्धा येत असत.

रोज संध्याकाळी कचेरीतून सुटले की ते बुवांकडे जात. "बुवा, दोन-पाच-एक?" असं विचारत. बुवा डोळे मिटून ते पद म्हणत, आणि कमलाकरराव रस तोच आहे ना हे ताडून बघत. चुकलं तर पुन्हा विचारत. दोन महिने हे चाललं. बुवांना तो सोंगट्यांसारखा नाद लागला. "आज लई सोपं इचारलंस," अशी तक्रार करायला लागले.

शेजारी पंचाक्षरी गुरुजी राहत. नुकतेच निवृत्त झाले होते आणि उरलेलं आयुष्य त्यांनी सल्ल्यासाठी राखून ठेवलं होतं. त्यांनी पहिला सल्ला दिला तो बाडाची शिवण उसवण्याचा. "सुटी पानं केल्याशिवाय कुठलंही शास्त्रीय काम होत नाही." कमलाकररावांनी शिवण उसवली. पानं दमट होती म्हणून गुरुजींच्याच सल्ल्यानं ती गच्चीवर उन्हात घातली. गच्चीवर पद्मजाबाईंचे, म्हणजे सौभाग्यवती वैरागकरांचे, पापड होते. वारा आला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात पापड तळताना आधी वाचून बघत.

"अहो," पद्मजाबाई म्हणाल्या, "आज कढईत अर्धी साकी गेली असती. ते बाड घरातून हलवा, नाहीतर मी तरी माहेरी जाते."

दुसरा सल्ला तयारच होता. "घरात ठेवूच नका," गुरुजी म्हणाले, "वाळवी आहे, उंदीर आहेत, गृहिणी आहेत. तुमच्या दप्तरखान्यात ठेवा. तिथं गेलेला कागद आजवर कुणाच्याही हाती लागलेला नाही."

कमलाकररावांना ही स्तुती वाटली. त्यांनी पानं जुळवली, लाल फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन आपल्या हातांनी कपाटात ठेवली. ते वळले तेवढ्यात शिपाई निंगप्पानं गाठोडं बाहेर काढलं, त्यावर आवक क्रमांक मारला, नोंदवहीत 'संकीर्ण, रामाबाबत' अशी नोंद केली आणि पुन्हा आत ठेवलं.

"अरे, हे काय केलंस?"

"नंबर मारल्याबिगर कागद आत घ्यायचा न्हाय, तुमीच सांगितलंय की सायेब," निंगप्पा म्हणाला. "भिंतीवर लावलंय. सही बी तुमचीच हाय."

सही त्यांचीच होती. वळणदार.

आता प्रश्न कार्डांचा. कचेरीतल्या भोकं पाडायच्या यंत्रानं त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांवर प्रयोग करून पाहिला. अंगठा सुजला आणि भोकांतून पडलेल्या टिकल्या पोह्यांत गेल्या. तेव्हा गुरुजींनीच तिसरा आणि खरोखर चांगला सल्ला दिला. चांगल्या सल्ल्यातून केवढं संकट येतं ते आता बघा.

"वेडे आहात," ते म्हणाले. "पुण्यात एक यंत्र बघून आलात आणि हरखून गेलात. इथं पेठेपेठेतून मागावर भोकाच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आहे. चादरीवर मोर येतो तो कुठून येतो? भोकांतून येतो. नरसय्याकडे जा."

नरसय्याचे घरीच चार माग होते. नक्षी बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. कमलाकररावांनी चौकटीच्या कागदावर रामकथा उतरवून नेली होती. एका ओळीत एक पद, ओळीत दहा-दहा चौकोनांचे तीन गट, आकडा असेल तितके चौकोन काळे. एक-सात-चार म्हणजे पहिल्या गटात एक काळा, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात चार. बाकीचे कोरे. नरसय्यानं कागद उजेडाकडे धरला.

"भरलेला चौकोन असेल तिथं भोक," कमलाकरराव समजावू लागले.

"मग काय असते? भरला तिथं भोक, रिकामा तिथं काय नाय. माझा आजा तेच करत होता, बाप तेच करत होता."

कमलाकररावांना भरून आलं. जी विद्या पुण्याला चपला काढून शिकावी लागली, ती ह्या माणसाच्या घरात तीन पिढ्या नांदत होती.

"कलर कुठला पायजे?" नरसय्यानं विचारलं.

पुठ्ठ्याला रंग कशाला, असा एक विचार कमलाकररावांच्या मनात चमकून गेला. पण इतक्या जाणत्या कारागिराला काय विचारायचं? "चालेल कुठलाही. पांढऱ्यावर तांबडा असू द्या."

"लांबी-रुंदी?"

"नेहमीचीच."

"बागुंदी, बागुंदी," नरसय्या म्हणाला. छान आहे, असं त्याचं म्हणणं.

रामनवमीला आठ दिवस उरले असताना निरोप आला, माल तयार आहे. कमलाकरराव पिशवी घेऊन गेले. नरसय्यानं पिशवीत न मावणारी एक घडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलगडली. ती चादर होती. पांढऱ्यावर तांबडे चौकोन, ओळीखाली ओळ, रामजन्मापासून रावणवधापर्यंत.

"हे काय?"

"चादर."

"मी पुठ्ठे सांगितले होते!"

"पुठ्ठे कोण देते सायेब? पुठ्ठे मागाचा. हलवायाकडं जाऊन जिलबी मागते, झारा मागते काय?" मग त्याला कमलाकररावांच्या चेहऱ्याची दया आली असावी. "नक्षी जरा येडा हाय, ते खरं हाय. मोर नाय, कमळ नाय. माझी सावित्रम्मा म्हणाली, कुणी मोठा सायेबाचा डिझाईन असणार. पण टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याला लई पसंत पडला. पन्नास चादर मागितला त्यानं. आता माळ मागावर हाय, आता निघत नाय."

"निदान माझा चौकटीचा कागद तरी द्या."

"ते खळीत पडला," नरसय्या म्हणाला. "पण काळजी नाय. चादरीत एक बी घर चुकला नाय. आणि दोन्ही बाजूनं वापर. इकडं पांढऱ्यावर तांबडा, तिकडं तांबड्यावर पांढरा."

महिपतीबुवांचं रामायण टेंभुर्णीत पन्नास घरांत पांघरलं जाणार, आणि बुवांच्या हातात मात्र काही नाही! कमलाकरराव चादर खांद्यावर टाकून तडक कचेरीत गेले. निदान मूळ बाड तरी काढावं आणि बुवांच्या पाटावर ठेवावं.

दप्तरखान्याच्या दाराला लाखेचं सील होतं.

"वर्षाची मोजदाद हाय," निंगप्पा म्हणाला. "सकाळीच सील झालंय. एप्रिलअखेर उघडंल. किल्ली मोजदादीच्या सायबांकडं, आन् सायेब जेऊरला मेव्हण्याच्या लग्नाला."

"निंगप्पा, त्यात बुवांचं बाड आहे."

"त्ये आता सरकारी हाय. अर्ज करा."

कमलाकररावांनी अर्ज केला. मुद्रांक लावला, कारण लिहिलं, खाली लांबलचक 'आपला विश्वासू' लिहिलं आणि तो वरच्या साहेबांच्या मेजावर ठेवला. साहेबांनी न वाचता त्यावर शेरा मारला : 'रेकॉर्ड कीपर यांनी अभिप्राय द्यावा.' दुपारी निंगप्पानं तो अर्ज परत कमलाकररावांच्याच मेजावर आणून टाकला. ते दुसऱ्या कागदात गुंतलेले होते. एकवीस वर्षांच्या सवयीनं हात शिक्क्याकडे गेला. ठप्प. मग त्यांनी खाली वाचलं. 'अर्जदार : क. वैरागकर. शोध घेतला, सापडत नाही.'

त्या दिवशी ते पहिल्यांदाच कचेरीतून वेळेआधी घरी गेले. चादर त्यांनी कोपऱ्यात भिरकावली आणि पद्मजाबाईंना सांगितलं, ही माझ्या नजरेसमोर पुन्हा येता कामा नये.

बुवांना सांगायचा धीर आठ दिवस झाला नाही. रामनवमीला सकाळी देवळात गेले तेव्हा बुवा फेटा बांधत होते. शेजारी पाट मांडलेला, पाटावर फूल ठेवलेलं. बाडाची वाट बघणारा पाट.

"आणलंस?"

"बुवा," कमलाकरराव पाटाकडे बघत म्हणाले, "नाही आणता आलं. कचेरीत अडकलंय. कार्डंही झाली नाहीत. माझ्या हातून फार मोठं..."

बुवांचे हात फेट्यावर थांबले. "वाचायला लागत नव्हतं रे मला त्ये," ते हळू म्हणाले. "नुसतं बाजूला असलं की धीर असायचा." मग उरलेला फेटा त्यांनी बांधला, पण शेवटचा पीळ काही नीट बसला नाही.

कीर्तन दहाच्या पुढं सुरू झालं. मांडव गच्च भरला होता. एप्रिलचं सोलापूरचं ऊन कापडातून खाली उतरत होतं आणि पंखे हलत होते ते फक्त हातांतले. कमलाकरराव नेहमीप्रमाणे बुवांच्या मागं झांज घेऊन उभे होते. आबासाहेब पहिल्या रांगेत, हातात घड्याळ. पूर्वरंग सुरेख झाला. गळा अजून होताच. उत्तररंगात दशरथाचा यज्ञ झाला, पायसाची वाटणी झाली, नऊ महिने भरले. बारा वाजायला दहा मिनिटं होती. पाळण्याभोवती बायका जमल्या. पाळण्यात कुंची घातलेला नारळ.

"तेव्हा अयोध्येत," बुवा म्हणाले. "अयोध्येत त्या वेळी..."

आणि थांबले.

कमलाकररावांनी झांज वाजवली. बुवांना वेळ मिळावा म्हणून आणखी वाजवली. इतकी वाजवली की मृदंगवाल्यानं वळून बघितलं. बुवांची नजर रिकाम्या पाटाकडे गेली, तिथून फुलाकडे, आणि तिथंच राहिली. मांडवातले हातपंखे एकेक करून थांबले. आबासाहेबांनी घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळली. कमलाकररावांनी पाळण्याकडे बघितलं, आणि त्यांना पाळण्यात काय अंथरलंय ते दिसलं.

पद्मजाबाईंनी नवऱ्याचा शब्द पाळला होता. चादर नजरेसमोरून हलवली होती ती थेट देवळात देऊन टाकली होती. कोरी होती, रामाला शोभेलशी होती. पाळण्याच्या बाहेर हातभर लोंबत होती, आणि लोंबणाऱ्या भागावर ओळीखाली ओळ चौकोन दिसत होते. झोपेतसुद्धा येणारे ते आकडे नेमके आता आठवेनात, पण पहिल्या प्रसंगातली पाळण्याची ओळ तेवढ्यातच असणार! त्यांनी डोळे ताणून तांबडे चौकोन मोजले आणि बुवांच्या कानाशी लागून, पण झांजेच्या सवयीनं मोठ्यानं, म्हणाले :

"नऊ-तीन-सहा!"

बुवांचे डोळे मिटले. चेहरा उजळला. दोन महिने रोज संध्याकाळी हेच तर चाललं होतं! आणि पंच्याहत्तर वर्षांचा तो गळा एका क्षणात भरून आला :

'ऊठ रे लंकेच्या राया, ऊन आले दारी,
कपाळीचे पुसू कसे, सांग एकवारी...'

हा मंदोदरीचा विलाप होता.

पाळण्याची दोरी धरलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रामजन्माला आलेल्या एका सुईणीसारख्या उत्साही आजीबाईंनी मात्र लगेच पदर डोळ्यांना लावला. मागं कुणीतरी विचारलं, "कोण गेलं?" बुवा तल्लीन झाले होते. विलाप इतका उत्कट रंगला की पाळण्याजवळच्या चार बायका खरोखर मुसमुसू लागल्या. अयोध्येत जन्माची तयारी आणि लंकेत प्रेत! बाराला सहा मिनिटं.

कमलाकरराव आकडे पुन्हा जुळवू लागले. नऊ म्हणजे रावणवध, तीन म्हणजे करुण. चूक नव्हती, पण मग हे वर कसं आलं? त्यांनी पुन्हा चादरीकडे बघितलं. तांबड्यावर पांढरं. आपण सांगितलं होतं पांढऱ्यावर तांबडं! दोन्ही बाजूंनी वापर! चादर उलटी अंथरली होती. भरलेले ते रिकामे, रिकामे ते भरलेले. दहातून नऊ गेला की उरतो एक, तीन गेले की सात...

"पद्मजा! चादर उलटी कर!"

लग्नाला वीस वर्षं झाली होती. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारण्याची ही पहिली वेळ, आणि तीही भर देवळात, तीनशे माणसांसमोर. पद्मजाबाई आधी लाजल्या, मग संतापल्या, मग नवऱ्याचा चेहरा बघून घाबरल्या. त्यांनी नारळ कडेवर घेतला, झटक्यात चादर उलटली आणि नारळ परत आत ठेवला. पांढऱ्यावर तांबडं. एक घर. सात घरं. चार घरं.

"बुवा, एक-सात-चार!"

विलापाच्या ऐन शिखरावर बुवा थांबले. मग त्यांनी डोळे उघडले, एक हात वर केला आणि त्यांच्या तोंडून चक्क मंगळवेढं बाहेर पडलं : "मंडळी, रावण कसा गेला त्ये ऐकलंत. आता ज्याच्या हातनं जायाचा हुता, त्यो कसा आला त्ये बघा!"

आणि पाळणा सुरू झाला.

'हालवा ग हळू दोरी, दशरथाच्या दारी,
सूर्य आला अंगणात, कोण ऊन वारी...'

आताच रडलेल्या बायका हसत दोरी ओढू लागल्या. मांडव डोलू लागला. पाळण्याचं शेवटचं कडवं आणि गिरणीचा बाराचा भोंगा एकदम झाले. गुलाल उधळला, सुंठवडा वाटला गेला. मागच्या बाजूच्या मंडळींना वाटलं, आकडे हाही कीर्तनाचाच भाग. त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर गजर उचलला, 'एक-सात-चार, एक-सात-चार!' आणि तो आरतीपर्यंत थांबेना.

आबासाहेब डोळे पुसत पुढं आले. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बुवा, आदी मरण आन् मग जन्म! चाळीस वर्सांत असं कीर्तन आयकलं न्हाय. पर ह्ये आकड्यांचं काय नवीन?"

"सरकारी हाय," बुवा गंभीरपणे म्हणाले. "कमलाकरनं पुण्याहून आणलंय."

"मंग पुण्याचा बुवा कशाला आणायचा?" आबासाहेब म्हणाले. "पुढच्या रामनवमीला बी तुमीच. पर चादर हीच पायजे. तवर ती पद्मजाबाईंकडंच जपून ऱ्हाऊ द्या."

कमलाकरराव मागं झांज धरून उभे होते. बुवांनी न वळताच हात मागं केला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

मे उजाडला तसं दप्तरखान्याचं सील निघालं. कमलाकररावांनी आपल्याच सहीनं बाड आपल्याच ताब्यात घेतलं, घरी आणून नवी शिवण घातली आणि बुवांना घरीच बोलावून, पंचाक्षरी गुरुजींच्या साक्षीनं, ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. बुवांनी पानांवरून हात फिरवला. खूश झाले.

"बघू रे, एक-सात-चार काढ यातनं. गुरुजींना दाखवू."

कमलाकररावांनी पानं उलटली. पुढून मागं, मागून पुढं. गच्चीवरच्या वाऱ्यानंतर पानं जुळवली होती खरी, पण कुठं कुठली जुळली होती ते त्या रामालाच ठाऊक. गुरुजींनी चष्मा लावून एक सल्ला दिला, मग दुसरा दिला. अर्धा तास गेला. एका पानाला पापडाचा तुकडा चिकटलेला सापडला. पद सापडेना. कमलाकररावांच्या तोंडावर ते दोन शब्द आले होते. ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळले.

बुवांनी बाड शांतपणे मिटलं, लाल फडक्यात बांधलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून हाक मारली :

"पद्मजाबाई, ती चादर आणा बरं बाहेर. आन् सुलटी आणा."